वेषांतर आणि ओळख : वाराणसीतील अरेखीय समीकरणांच्या उकलींचा इतिहास

१. प्रास्ताविक

मराठी भाषकांच्या काशीशी असलेल्या संबंधांचा विचार आजवर प्रामुख्याने तीन अंगांनी झालेला आहे : पैठणहून तेथे गेलेल्या भट्ट घराण्याची धर्मशास्त्रीय ग्रंथरचना, अठराव्या शतकात मराठा सत्ताधाऱ्यांनी बांधलेले घाट व मंदिरे, आणि प्रवासवर्णनांतून दिसणारी तीर्थयात्रा. विसाव्या शतकात काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या गणित विभागात, कोल्हापूरहून आलेल्या एका प्राध्यापकाभोवती जे संशोधन उभे राहिले, त्याची नोंद गणिताच्या इतिहासात आहे. मराठीच्या वैचारिक इतिहासात मात्र ती अभावानेच आढळते. त्याचे कारण उघड आहे. हे संशोधन मराठीत लिहिले गेले नाही. ते इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, आणि त्याची खरी भाषा चिन्हांची होती.

तरीही तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात आपल्याच शास्त्राचा एक मूलभूत प्रश्न भेटतो. दोन भिन्न रूपांत समोर आलेली वस्तू एकच आहे की त्या दोन वस्तू आहेत, हे कशावरून ठरवावे? एकाच कथेची दोन भाषांतली रूपे, एकाच संहितेचे दोन पाठ, किंवा केवळ वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन स्वतंत्र कृती, यांत भेद करताना हाच प्रश्न उभा राहतो. वाराणसीतील गणितज्ञांना तो अरेखीय आंशिक अवकल समीकरणांच्या उकलींसंबंधी पडला होता. त्याला मिळालेल्या उत्तरांचा आणि त्या उत्तरांच्या मर्यादांचा मागोवा येथे घेतला आहे.

२. पूर्वपीठिका : बापूदेव शास्त्री

या प्रश्नाला वाराणसीत एक जुनी परंपरा आहे. मूळचे महाराष्ट्रातील बापूदेव शास्त्री १८४२ पासून बनारसच्या संस्कृत कॉलेजात गणित व ज्योतिष शिकवीत. १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची ‘तात्कालिक गति’ सांगितली आहे. दोन लगतच्या क्षणांमधील ज्यांचा फरक हा कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे सूत्र तेथे वापरले आहे. हे युरोपीय अवकलनशास्त्राचेच तत्त्व होय, असा बापूदेवांचा दावा होता.

या दाव्यावर १८६० साली विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने लिहिले. साम्य त्याने मान्य केले, पण अतिसूक्ष्म राशींची कल्पना भास्कराचार्यांच्या विवेचनात व्यक्त झालेली नाही, असा आक्षेप घेतला. निष्कर्षापेक्षा येथे वादाचे स्वरूप महत्त्वाचे आहे. बापूदेव सूत्रातून निघणाऱ्या फलाकडे पाहून ‘तेच’ म्हणत होते. स्पॉटिसवुड संकल्पनेच्या मांडणीकडे पाहून ‘तेच नव्हे’ म्हणत होता. संस्कृत श्लोक आणि युरोपीय चिन्हलिपी या दोन वेषांआडची वस्तू एकच आहे का, हे ठरविण्याचा दोघांनाही मान्य होईल असा निकष त्या काळी उपलब्ध नव्हता.

३. अरेखीय समीकरणे आणि नारळीकरांचे आगमन

काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बसविली गेली. त्याच्या तीनच आठवडे आधी, १३ जानेवारीस, कार्ल श्वार्ट्‌झशिल्ट याने आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षण समीकरणांची काढलेली पहिली अचूक उकल बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवली गेली होती. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पुढे मात्र तो आला.

आइन्स्टाइनची समीकरणे दहा आहेत, आणि ती अरेखीय आहेत. रेखीय समीकरणाच्या दोन उकली मिळविल्या तर त्यांची बेरीज हीही उकलच असते. त्यामुळे साध्या उकलींची भर घालीत अवघड प्रश्न सोडविता येतात. अरेखीय समीकरणांत ही सोय नाहीशी होते. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत याचे कारण भौतिक आहे : क्षेत्रात साठलेली ऊर्जाही पुन्हा गुरुत्वाकर्षण निर्माण करते. म्हणून प्रत्येक अचूक उकल ही स्वतंत्र शोध असते. मराठीतील ‘उकल’ हा शब्द येथे विशेष समर्पक वाटतो, कारण गाठ प्रत्येक वेळी निराळी असते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. स्थळ आणि काळ यांची मोजदाद कोणत्या सहनिर्देशकांनी करावी, याचे पूर्ण स्वातंत्र्य हा सिद्धांत देतो. परिणामी एकच उकल अनेक रूपांत लिहिता येते, आणि ती रूपे परस्परांपासून इतकी भिन्न दिसतात की तज्ज्ञालाही त्यांचे ऐक्य ओळखू येत नाही. हा धोका आर्थर एडिंग्टन याने १९२२ मध्ये दाखवून दिला होता. तोवर वर्णन केल्या गेलेल्या तीन प्रकारच्या गुरुत्वीय तरंगांपैकी दोन प्रकार हे तरंगच नव्हेत, ते केवळ सहनिर्देशकांच्या जाळ्यातील हेलकावे आहेत, असे त्याने सिद्ध केले. नकाशावरील रेघा हलल्या म्हणून जमीन हलत नाही, असा त्याचा आशय. १९३६ साली खुद्द आइन्स्टाइन असे तरंग संभवतच नाहीत या निष्कर्षाप्रत आला होता. सहनिर्देशकांमुळे झालेली ती फसगत ध्यानात आल्यावर नेथन रोझेनसह लिहिलेला त्याचा लेख १९३७ मध्ये बदललेल्या निष्कर्षासह प्रसिद्ध झाला.

एडिंग्टनच्या या केंब्रिजमध्ये विष्णु वासुदेव नारळीकर शिकत होते. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, २६ सप्टेंबर १९०८ चा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, तेथे रँग्लर झाले, आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. पुढील अठ्ठावीस वर्षे ते तेथेच होते. समीकरणांच्या अचूक उकली शोधणे आणि त्या उकलींचा भौतिक अर्थ तपासणे, ही त्यांच्या विभागाची ओळख बनली.

४. १९४२ : प्रकाशणाऱ्या ताऱ्याचा प्रश्न

१९४२ साली प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण गणितज्ञ नारळीकरांकडे संशोधनासाठी आले. पत्नी व तान्ही मुलगी सोबत होती, आणि निर्वाह साठविलेल्या पैशांवर होता. ते वर्ष शांत अध्ययनाचे नव्हते. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ आंदोलन सुरू झाले, विश्वविद्यालय त्याचे एक केंद्र ठरले आणि सरकारने ते काही काळ बंद पाडले. वैद्य यांचा वाराणसीतील मुक्काम सुमारे दहा महिन्यांचा. त्यातून निघालेले टिपण बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ नियतकालिकात १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रश्न साधा होता. श्वार्ट्‌झशिल्टची उकल ताऱ्याबाहेरचा अवकाश पूर्णपणे रिता धरते. परंतु तारा प्रकाशतो, म्हणजे त्याच्यातून ऊर्जा सतत बाहेर पडते, आणि ऊर्जेला वस्तुमान असते. आपला सूर्य केवळ प्रकाशरूपाने दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो. तेव्हा खऱ्या ताऱ्याबाहेरचा अवकाश रिता नसतो, आणि ताऱ्याचे वस्तुमानही स्थिर नसते. प्रकाशाच्या या प्रवाहासह समीकरणांची अचूक उकल काय असेल?

१९५१ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात वैद्य यांनी हीच उकल सविस्तर मांडली. तिच्यात अवकाशाचे तीन भाग पडतात. मध्यभागी तारा, त्याभोवती किरणांनी भरलेला, बाहेरच्या बाजूने प्रकाशाच्या वेगाने वाढत जाणारा पट्टा, आणि त्यापलीकडे, जेथे अद्याप प्रकाश पोहोचलेला नाही, तेथे श्वार्ट्‌झशिल्टचा जुना रिता अवकाश. पट्ट्याबाहेरच्या निरीक्षकाला ताऱ्याचे मूळ वस्तुमानच जाणवते. तारा काही काळ प्रकाशून विझला असे मानले, तर किरणांचे एक मर्यादित जाडीचे कवच मागे-पुढे रिता अवकाश ठेवून दूर सरकत जाते. कवचाच्या आत कमी वस्तुमान, बाहेर अधिक, आणि दोहोंमधील फरक म्हणजेच कवचाने वाहून नेलेली ऊर्जा. अरेखीय समीकरणांची ही स्थानबद्ध, प्रवाही उकल होय. मात्र ती गुरुत्वीय तरंग नव्हे. पूर्ण गोलीय सममितीत गुरुत्वीय तरंग निघूच शकत नाहीत, हे १९२३ पासून ज्ञात होते. येथे वाहते ती प्रकाशाची ऊर्जा, आणि तिच्यासोबत भूमितीचे वळण बदलत जाते.

५. १९५३ : कालगणनेचा बदल

१९५१ पर्यंतच्या रूपात ही उकल बरोबर होती, पण दुर्बोध होती. तिच्यात वस्तुमान हे अंतर आणि काळ या दोहोंचे फल होते, आणि त्याने स्वतःच आणखी एक आंशिक अवकल समीकरण पाळावे लागे. वाचकाला सूत्र दिसे, ताऱ्याचे चित्र दिसत नसे.

१९५३ साली ‘नेचर’मधील एका छोट्या लेखात वैद्य यांनी कालगणना बदलली. घड्याळातील क्षणाऐवजी त्यांनी असा कालांक घेतला की ताऱ्यातून एकाच वेळी निघालेल्या सर्व किरणांना, ते कितीही दूर गेले तरी, तोच कालांक लागू राहावा. टपालाच्या भाषेत बोलायचे तर पत्र पोहोचल्याच्या तारखेऐवजी ते टाकल्याच्या तारखेने ते ओळखावे, असा हा बदल होता. त्यामुळे वस्तुमान फक्त या एका कालांकावर अवलंबून राहिले. श्वार्ट्‌झशिल्टच्या सूत्रात जेथे स्थिर वस्तुमान होते तेथे हळूहळू घटणारे वस्तुमान लिहिले, की उकल पूर्ण. उरलेले अवघड समीकरण विरून गेले. इतकेच नव्हे, तर एकामागोमाग सुटलेली किरणांची कवचे परस्परांना न बिघडविता बाहेर जातात, हेही या रूपात नजरेस पडते. अरेखीयतेचा जाच या मांडणीत जणू दूर होतो.

हे रूप पूर्णतः नवे नव्हते. स्थिर ताऱ्यापुरती अशीच कालगणना एडिंग्टनने १९२४ मध्ये वापरली होती. श्वार्ट्‌झशिल्टच्या सूत्रात एका विशिष्ट अंतरावर जो दोष दिसतो तो या कालगणनेत नाहीसा होतो, परंतु एडिंग्टनचे तिकडे लक्ष गेले नाही. १९५८ मध्ये डेव्हिड फिंकेलस्टाइनला ते रूप पुन्हा सापडले आणि त्याचे महत्त्व उमगले. एकच लेखन तीन हातांतून गेले : एकाने लिहिले व अर्थ पाहिला नाही, दुसऱ्याने बदलत्या वस्तुमानासाठी ते उपयोगात आणले, तिसऱ्याने दोषाचे मिथ्यत्व ओळखले. कृती एक असली तरी तिचे वाचन प्रत्येक वेळी निराळे झाले.

६. ओळख पटविण्याचे शास्त्र

सूत्राचा वेष बदलता येतो म्हटल्यावर, वेष बदलला तरी न बदलणारे काय, हा प्रश्न अटळ ठरतो. वाराणसीत नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी त्याला थेट हात घातला. चतुर्मित अवकाशकालाच्या वक्रतेपासून, सहनिर्देशक कोणतेही घेतले तरी ज्यांची किंमत तीच येते, अशा चौदा स्वतंत्र राशी काढता येतात. गुरुत्वीय क्षेत्राच्या सर्वसाधारण सूत्रासाठी या चौदा अविकारी राशी त्यांनी प्रत्यक्ष लिहून दाखविल्या. हा लेख १९४० च्या दशकाच्या अखेरीचा आहे. या विषयावरील पुढील लेखनात त्याचा उल्लेख आरंभीचा प्रयत्न म्हणून येतो. करमरकर यांनी १९४८ मध्ये दिलेली दुसरी एक अट, गोलीय सममितीचे अवकाशकाल एका अधिक मितीच्या सपाट अवकाशात केव्हा बसविता येते याविषयीची, आज ‘करमरकर अट’ या नावाने ताऱ्यांच्या प्रतिकृती रचताना सर्रास वापरली जाते.

चौदा राशींचा हेतू तौलनिक अभ्यासकाला परिचित वाटेल. लोककथांच्या अभ्यासात आशयघटकांची सूची करून कथारूपे ताडून पाहिली जातात, तशीच ही क्षेत्रांची सूची होती. दोन सूत्रांच्या राशी जुळल्या नाहीत, तर ती सूत्रे निश्चितपणे भिन्न होत. एडिंग्टनने दाखविलेल्या खोट्या तरंगांविरुद्ध हे एक साधन होते.

परंतु राशी जुळल्या तर वस्तू एकच, असे म्हणता येते का? येथेच या साधनाची मर्यादा उघड होते, आणि ती नेमकी तरंगांच्या बाबतीत होते. समांतर अग्र असलेल्या सपाट गुरुत्वीय तरंगात या सर्व राशी शून्य येतात, म्हणजे अगदी रित्या, सपाट अवकाशात येतात तशाच. तरंग आणि शून्य यांत सूचीला फरक दिसत नाही. वैद्य यांच्या उकलीचीही गोष्ट अशीच आहे. प्रकाशाच्या प्रवाहाचा या राशींवर ठसा उमटत नाही. एका बिंदूपुरते पाहिले, तर प्रकाशणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या राशी आणि तेवढ्याच वस्तुमानाच्या अंधाऱ्या ताऱ्याभोवतीच्या राशी सारख्याच असतात. ज्या विभागात ही उकल जन्मली, तेथेच घडविलेल्या मापाला तिच्यातला प्रकाश मोजता येत नव्हता.

या अडचणीतून वाट पुढे निघाली. एली कार्तां याच्या भूमितीवर आधारलेली पद्धत आंडेर्स कार्लहेडे याने १९८० मध्ये व्यवस्थित मांडली. तिचे सार असे की वक्रता एका बिंदूपाशी ताडून पाहणे पुरेसे नाही. बिंदूपासून बिंदूकडे जाताना ती कशी बदलते, हेही ताडावे लागते. ओळख ही स्थितीत सापडत नाही, ती बदलाच्या रीतीत सापडते. भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीविषयीच्या वादातही फल आणि बदलाची संकल्पना यांपैकी कशावर बोट ठेवावे, हाच मतभेद होता. याचा अर्थ बापूदेवांना पुढचे सारे दिसले होते असा घेता येणार नाही. प्रश्नाचा आकार मात्र सारखा आहे.

७. १९६५ : दोन नामकरणे

वैद्य यांच्या उकलीची फारशी दखल प्रथम घेतली गेली नाही. महायुद्धाच्या काळात भारतीय नियतकालिकात आलेले चिमुकले टिपण परदेशी वाचकाच्या हाती पडणे कठीण होते. शिवाय इतक्या तीव्रतेने ऊर्जा फेकणारी वस्तू आकाशात ठाऊकही नव्हती. १९६३ मध्ये क्वासारांचे स्वरूप उमगले आणि परिस्थिती पालटली. १९६५ साली लिंडक्विस्ट, श्वार्ट्‌झ व मिझ्नर या तिघांनी अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’त या उकलीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि शीर्षकातच वैद्य यांचे नाव घातले. १९७४ नंतर, कृष्णविवरेही ऊर्जा उत्सर्जित करतात हे स्टीफन हॉकिंगने दाखविल्यावर, झिजत्या कृष्णविवराचे वर्णन करण्यासाठी तीच उकल कामी आली. मूळचे टिपण १९९९ मध्ये सापेक्षतेला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने अभिजात लेख म्हणून पुनर्मुद्रित केले. प्रथम प्रकाशनानंतर ५६ वर्षांनी झालेले हे पुनर्मुद्रण ग्रहणाच्या इतिहासाचा उत्तम दाखला आहे.

त्याच १९६५ मध्ये अरेखीय समीकरणांच्या दुसऱ्या शाखेत दुसरे नामकरण झाले. स्कॉटलंडमधील एका कालव्यात जॉन स्कॉट रसेल याने १८३४ साली पाण्याचा एकच उंचवटा आकार न मोडता दूरवर धावत गेलेला पाहिला होता. त्याचे समीकरण कोर्टेवेग व दे फ्रीस यांनी १८९५ मध्ये दिले. नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी १९६५ साली संगणकावर असे दोन तरंग एकमेकांतून पार होऊन पूर्वीच्याच आकाराने बाहेर पडतात हे पाहिले, आणि त्यांना ‘सॉलिटॉन’ म्हटले. श्वार्ट्‌झशिल्टच्या उकलीवरील दोषाचा पडदा पूर्णपणे दूर करणारे सहनिर्देशक १९६० मध्ये देणारा क्रुस्कल तो हाच.

वैद्य यांची कवचे आणि सॉलिटॉन यांत साम्य आहे, म्हणून त्यांना एक मानणे चुकीचे ठरेल. सॉलिटॉनमध्ये तरंगाची पसरण्याची प्रवृत्ती आणि अरेखीयतेमुळे अग्र उभे चढण्याची प्रवृत्ती एकमेकींना तोलून धरतात. म्हणून आकार टिकतो. वैद्य यांच्या उकलीत असा तोल नाही. एकाच दिशेने, एकाच वेगाने जाणाऱ्या किरणांना परस्परांशी भिडण्याचा प्रसंगच येत नाही. फल सारखे, कारण निराळे. तुलनेचे शास्त्र ज्या भेदावर उभे असते तो हाच.

८. समारोप

नारळीकर १९६० मध्ये वाराणसीहून निघाले. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळल्यावर ते पुणे विद्यापीठात आले. त्यांच्या साठीनिमित्त अहमदाबादेत १९६९ साली भरलेल्या परिषदेत सापेक्षता व गुरुत्वाकर्षण यांच्या अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. वैद्य २०१० पर्यंत हयात होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय तरंग प्रथमच प्रत्यक्ष नोंदले गेले. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाइतकी ऊर्जा एका क्षणिक स्पंदाच्या रूपाने बाहेर पडली होती. असे तरंग खरे की सहनिर्देशकांचे खेळ, हा एडिंग्टनच्या काळचा संशय त्या नोंदीपुढे इतिहासजमा झाला.

मराठीपुरता एक प्रश्न उरतो. हे सारे मराठीच्या वैचारिक इतिहासात मोजावे का? केवळ जन्मस्थानावरून किंवा आडनावावरून हक्क सांगणे अप्रस्तुत होय. या कथेचा नायक गुजराती आहे, लेखन इंग्रजीत आहे, गाव हिंदी भाषकांचे आहे. परंतु ‘मराठीत लिहिले तेच मराठीचे’ हा निकषही अपुरा आहे. नारळीकरांच्या घरात मराठी बोलली जाई, गृहिणी संस्कृतज्ञ होत्या, मुलांचे शालेय शिक्षण हिंदीतून होई आणि वडिलांचे संशोधन इंग्रजीत चाले. त्या घरात वाढलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) पुढे विज्ञानकथाकार म्हणून मराठी साहित्यात स्थिरावले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, आणि त्या चार नगरांतले पहिले वाराणसी आहे. वडिलांच्या पिढीचे जे मराठीत लिहिले गेले नव्हते, त्यातील काही अशा रीतीने मराठीत आले.

तेव्हा भाषा हीदेखील एक सहनिर्देशक-पद्धती मानली, तर वाराणसीच्या या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, योग्य भाषांतर वस्तूला केवळ नवा वेष देत नाही. १९५३ च्या कालगणनेप्रमाणे ते पूर्वी न दिसलेली गोष्ट दाखवू शकते. दुसरी, सामायिक घटकांची सूची जुळली म्हणून कृती एक ठरत नाहीत. सूचीला न सापडणारा प्रकाश त्यांच्यात वाहत असू शकतो. ओळख पटविण्यापूर्वी त्या कृती क्षणोक्षणी कशा बदलत जातात, हे पाहणे आवश्यक असते.